कृष्णकमळावरच्या अळ्या आणि आपलं अणुव्रत



पावसाळा सुरू झाला की एकच प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो. "अक्का, कृष्णकमळावर तपकिरी काटेरी अळ्या झाल्यात, काय मारू?" म्हणजे मारायचं हे आधीच ठरलेलं असतं, कशानं मारायचं तेवढंच विचारायचं असतं. माझं उत्तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. काहीही मारू नका. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत आणि सूर्यास्तानंतर ताट वाढत नाहीत, त्या घराच्या गच्चीत शोभेच्या वेलीसाठी फवारणीचा पंप असू नये.

आता सविस्तर.

कृष्णकमळ आपल्याकडची मूळ वेल नव्हे. तिची बहुतेक भावंडं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. तिथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांना या फुलात येशूचा क्रूस, काट्यांचा मुकुट आणि खिळे दिसले, म्हणून इंग्रजीत ते 'पॅशन फ्लॉवर'. आपल्याकडे आल्यावर बाहेरचे जांभळे तंतू कौरव झाले, पाच पुंकेसर पांडव झाले. मला विचाराल तर मधल्या तीन टोकांत रत्नत्रय दिसतं आणि पाच पुंकेसरांत पंचपरमेष्ठी. ज्याच्या मनात जे असतं ते त्याला फुलात दिसतं. प्रश्न एवढाच, की फुलात रत्नत्रय पाहणाऱ्या बाईला त्याच वेलीच्या पानावरची अळी कशी दिसते?

वेल लावायला अगदी सोपी. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, दोन-तीन डोळ्यांची फांदी कुंडीत खोचली की बहुधा लागते. पाच-सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती आणि चढायला जाळी किंवा तार, एवढंच तिचं मागणं. कुंडी निदान पंधरा इंची घ्या, जमिनीत लावता आली तर फारच उत्तम. शेणखत बेतानं घाला. खत जास्त झालं की नुसती पानं माजतात आणि फूल रुसतं. फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून थंडी सरता सरता एकदा छाटणी करायची. एक फूल जेमतेम एक दिवस टिकतं. पूजेत फूल वाहावं की केशरात रंगवलेले तांदूळ, हा ज्याच्या त्याच्या आम्नायाचा विषय. मी हे फूल वेलीवरच ठेवते. सकाळी काळा भुंगा त्यावर येतो, तो त्याचा वाटा.

कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नका. एकतर या वेलीची मुळं सतत ओली राहिली की कुजतात. दुसरं, साचलेल्या पाण्यात डास होतात, मग डासांसाठी आणखी काही तरी मारावं लागतं. यत्नाचार म्हणजे दुसरं काय? जीव झाल्यावर त्याचं काय करायचं हे विचारण्याआधी, आपल्या निष्काळजीपणानं तो होऊ न देणं.

आता अळ्यांकडे वळू. त्या एका फुलपाखराच्या अळ्या आहेत. इंग्रजीत त्याला टॉनी कोस्टर म्हणतात. नारिंगी पंख, त्यावर काळे ठिपके, आणि उडणं अगदी संथ. त्याची मादी कृष्णकमळाच्या पानावर पिवळसर अंड्यांचा पुंजका घालते. अळ्या निघतात आणि पानं खायला लागतात. वेल छोटी असेल तर काही दिवसांत नुसत्या काड्या उरतात. ते बघवत नाही, हे मलाही कळतं. पण त्यावर आपण जे उपाय करतो आणि वर स्वतःची जी समजूत घालतो, ती एकेक तपासून पाहू.

पहिली समजूत, "मी कुठे मारते, माळी फवारतो." आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना ही तिन्ही एकाच पापाची दारं आहेत, हे पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. शिवाय अनर्थदंडात 'हिंसादान' नावाचा वेगळा प्रकारच सांगितलेला आहे, विष, शस्त्र अशी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. औषधाची बाटली आणून माळ्याच्या हातात ठेवणं यापेक्षा वेगळं कसं? गरीब माळ्याच्या खात्यावर आपलं नावे टाकायचं, हे मला पटत नाही.

दुसरी समजूत, "मी रासायनिक वापरत नाही, फक्त कडुनिंबाचं तेल." सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे. कडुनिंबाच्या बीमधला घटक अळीचं खाणं बंद पाडतो आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. अळी लगेच मरत नाही, हळूहळू मरते. जमिनीसाठी आणि आपल्या तब्येतीसाठी ते रसायनापेक्षा बरं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण ते अहिंसेच्या नावावर विकत घेऊ नका.

तिसरी समजूत सर्वांत गोड, म्हणूनच सर्वांत फसवी. "मी अळ्या मारत नाही, कागदावर घेऊन दुसऱ्या झाडावर सोडते." कोणत्या झाडावर? ही अळी कृष्णकमळ आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांवरच जगते. तिला कढीपत्त्यावर किंवा मोगऱ्यावर सोडणं म्हणजे उपाशी मारणं. फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही, एवढाच फरक. हलवायचीच असेल तर दुसऱ्या कृष्णकमळावरच हलवा.

चौथी समजूत जरा शिकलेल्यांची. "गृहस्थाला विरोधी हिंसा क्षम्य आहे, वेलीचं रक्षण नको करायला?" हिंसेचे चार प्रकार आपण ऐकत आलो, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन संसारात टळत नाहीत, म्हणून त्या जितक्या कमी होतील तितक्या करायच्या. विरोधी हिंसा ही स्वतःचं, कुटुंबाचं, देशाचं रक्षण करताना घडते. अळी आपल्यावर चालून आलेली नाही. तिच्यापुढे एकच अन्न आहे, ते ती खाते. शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो, त्याची तुलना इथे करू नये. आपली वेल शोभेची. शोभेसाठी ठरवून, हिशेबानं, त्रस जीव मारणं याला संकल्पी म्हणायचं नाही तर कशाला? अळीला इंद्रियं किती यावर पंडितांनी चर्चा करावी. ती हलते, खाते, धोक्यापासून पळते, एवढं मला पुरे आहे.

वेलीलाही जीव आहे, हे विसरून चालणार नाही. छाटणी ही आरंभी हिंसाच. म्हणून ती गरजेपुरती आणि एकदाच. फोनवर बोलता बोलता जाता-येता पानं खुडायची सवय असते ना, ती प्रमादचर्या. त्या बोटांना आवर घालणं हेसुद्धा व्रतच.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे हिशेबाच्या भाषेत सांगते. वेलीची मुळं आणि जाड खोड हे तिचं भांडवल. पानं हे खेळतं भांडवल, येतं आणि जातं. अळ्या पानं खातात, मुळांना हात लावत नाहीत. नीट मूळ धरलेली वेल पानं गेली तरी खोडावरून पुन्हा फुटते. आमच्या गच्चीतली वेल श्रावण-भाद्रपदात एकदा तरी बोडकी होते आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जाळीभर होते. नुकसान खरं आहे, पण ते एका हंगामाचं. दुसऱ्या बाजूला जीव मांडून बघा, ताळेबंद जुळतो का?

निसर्गानं वेलीची सोयही करून ठेवली आहे. कृष्णकमळाच्या पानाच्या देठावर बारीक गाठींची जोडी असते. त्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या येतात. त्या मुंग्या वेलीवरची अंडी आणि छोट्या अळ्या उचलून नेतात. आपण काय करतो? मुंग्या दिसल्या की कुंडीभोवती विषारी खडूची रेघ ओढतो. म्हणजे राखणदाराला मारायचं आणि मग चोर आले म्हणून ओरडायचं. मुंग्यांनी अंडी खाणं हा त्यांचा त्यांचा व्यवहार, त्यात आपलं कर्तेपण नाही. आपण मध्ये पडू नये, एवढंच.

मग करायचं काय? माझ्याकडे चार नियम आहेत. वेल निदान एक वर्षाची आणि दणकट होईपर्यंत तिच्यावर पातळ मच्छरदाणीचं कापड टाका, म्हणजे फुलपाखरू अंडी घालणारच नाही; बाजारातही ते मीटरवर मिळतं. मोठ्या वेलीला मोकळं सोडा. जागा असेल तर दोन वेली ठेवा, एक तुमची, एक त्यांची. आणि पानं खाल्ल्याचं अगदीच सहन होत नसेल, तर कृष्णकमळ लावूच नका. ज्याला फवारणीशिवाय जगवता येत नाही असं झाड आपल्या घरी नसावं. परिग्रहपरिमाण फक्त दागिन्यांचं आणि साड्यांचं नसतं, कुंड्यांचंही असतं.

वेलीचं आणि आपलं नातं जुनं आहे. बाहुबलींच्या मूर्तीवर वेली असतात, श्रवणबेळगोळला आहेत, आपल्या कुंभोजच्या २८ फुटी मूर्तीवरही आहेत. वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबलींच्या दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया कोरल्या आहेत. कुणी त्यांना ब्राह्मी-सुंदरी म्हणतं, कुणी विद्याधरी. विद्याधरींनी त्या वेली हातांनी बाजूला केल्या, अशी कथा आहे. वेल हातानं हाताळायची असते, हे आपल्या शिल्पकारांनी शेकडो वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीचा एक प्रस्ताव. दर महिन्याला सगळ्या कुंड्यांवर आणि कंपाऊंडच्या वेलींवर एकत्र फवारणी करायची, घरटी वर्गणी काढायची. निम्म्याहून जास्त घरं आपल्याच समाजाची, आणि सह्या भराभर झाल्या. मी सही केली नाही. तीन ओळींचा लेखी विरोध दिला आणि आमच्या मजल्यावर फवारणी नको असं कळवलं. "एवढ्याशा अळीसाठी एवढं?" असं एक वहिनी म्हणाल्या. पण याच चार महिन्यांत आपले मुनी महाराज आणि आर्यिका माताजी विहार थांबवतात, तो एवढ्याशा जीवांसाठीच ना? त्यांच्या आहाराला चौका लावायचा, शुद्धी सांभाळायची, आणि घरी परतल्यावर गच्चीत पंप उचलायचा, हे एका घरात कसं बसतं?

तुमच्या सोसायटीतही असा कागद फिरत असेल. सही करण्याआधी वाचा, आणि नको असेल तर लिहून द्या. तोंडी नाराजीला मीटिंगमध्ये किंमत नसते. आणि येत्या चातुर्मासात रात्रीभोजनत्याग, हिरवी भाजीत्याग यांच्या जोडीला एक छोटा नियम घ्या, चार महिने कुंडीत कसलंही औषध नाही. वेल बोडकी झाली तर होऊ दे. शेजारणीनं विचारलं तर सांगा, आमच्याकडे पाहुणे जेवून गेले.

जय जिनेंद्र.