सेवाग्राम मोटारीतून दिसत नाही

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब सेवाग्रामला जाऊन येणाऱ्या मंडळींशी माझे भांडण आहे. ती तिथे जातात म्हणून नव्हे. ज्या रीतीने जातात त्याबद्दल! वर्ध्याहून मोटार निघते ती थेट आश्रमाच्या फाटकाशी थांबते. बापूकुटीत डोकावायचे, जुना टेलिफोन पाहायचा, पिंपळाखाली फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला परत. घरी येऊन सांगायचे, ‘सेवाग्राम पाहिले.’ मी विचारतो, त्यातले ग्राम कुठे पाहिलेत?

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून या गावी आले ते पायी. पाच मैलांची वाट, दिवस वैदर्भीय उन्हाळ्याचे आणि चालणाऱ्याचे वय सहासष्ट! गावाचे नाव तेव्हा शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावाशी टपालाची गल्लत होऊ लागली म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झाले. पत्त्यासाठी नाव बदलावे लागले, इतके हे गाव साधे. ‘आमच्याबरोबर म्हातारी माणसे असतात हो,’ असे म्हणणाऱ्यांनी तो सहासष्टचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. ज्यांना खरोखरच चालवत नाही त्यांना मोटार आहेच. मी बोलतो आहे ते धडधाकटांशी.

विनोबांचे पाहा. १९५१ च्या मार्चमध्ये ते याच मुलखातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. आगगाडी काय नव्हती? पण आगगाडीने जाणारा संमेलन ऐकून परत येतो; पायी जाणाऱ्याला रोज रात्री कुठल्या तरी गावात मुक्काम करावा लागतो आणि त्या गावाचे दुखणे ऐकावे लागते. संमेलन आटोपून तेलंगणातून चालत असता १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी त्यांच्यापाशी जमीन मागितली, आणि भूदान सुरू झाले. त्याच वर्षी पवनारहून ते पुन्हा पायी निघाले, ते पवनारला परतले १९६४ मध्ये! भूदानाच्या हिशेबाविषयी मतभेद असोत, माझेही आहेत. पण ही मागणी मोटारीच्या काचेतून कोणाच्या कानी पडली नसती, एवढे तरी कबूल कराल?

आता दिवाळीतलेच सांगतो. आश्रम मागे टाकून करंजी काजीच्या अंगाला एखादी पांदण धरा. पांदण म्हणजे शेताशेतांमधली बैलगाडीची वाट. काळी माती अजून थोडी ओल धरून असते. सोयाबीन निघून गेलेले, तूर डोक्याइतकी वाढलेली, आणि कपाशीची बोंडे नुकती फुटू लागलेली. मध्येच जमीन उथळ, मुरमाड होते. तिथे बाभूळ, हिवर, पळस, बोरी यांची दाटी, आणि पायाखालून फर्रकन उडणारा तित्तिर. एकदा कापूस वेचणाऱ्या एका बाईने मला हटकले, ‘पायीच काहून निंगाले जी? गाडी नाई भेटली का?’ हौसेने चालतो म्हटल्यावर ती खळखळून हसली. तिचे हसणे मला मान्य आहे. तिला चालणे चुकत नाही आणि आम्ही ते सुट्टीपुरते करणार! पण त्या हसण्यानंतर कापसाच्या भावाची आणि वेचणीच्या मजुरीची जी गोष्ट निघाली, ती आश्रमातल्या कोणत्या फलकावर लिहिलेली आहे?

त्या मुरमाड तुकड्यांना विदर्भात सरकारी दप्तरी ‘झुडपी जंगल’ म्हणतात. नावातच हेटाळणी आहे. वृक्ष नाहीत म्हणून वन नव्हे, नांगर चालत नाही म्हणून शेत नव्हे. तेव्हा पडीक समजा आणि इमारती उठवा, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. गावची गुरे त्यावर चरतात आणि चुलीचे जळण तिथून येते, हे हिशेबात कोणी धरावे? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच आहे, असा निर्वाळा दिला. फार बरे झाले. परंतु ज्या जंगलातून कोणी चालतच नाही, त्याची एक कड कुरतडली गेली तर ओरडणार कोण?

ओरडणारे निघतात, हेही सांगितले पाहिजे. वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी २०२० साली कडेच्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड चालली, तेव्हा वर्धेकर नागरिक आडवे आले. त्यांना ‘विकासाचे विरोधक’ म्हणणारे शहाणे होतेच. मला त्या शहाण्यांना एकच विचारावयाचे आहे. तुम्ही मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, त्या रस्त्याने कधी पायी गेला आहात? वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना कडुनिंबाची सावली ही चैन नसते. डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बाईचा रस्ता तेवढाच असतो. मोटारीसाठी रस्ता चार हात वाढवायचा आणि पायी चालणाराची सावली काढून घ्यायची, तीही गांधींच्या गावाला पाहुणे लवकर पोचावेत म्हणून! याला पुन्हा श्रद्धा म्हणायचे.

यंदा जाणार असाल तर मोटार वर्ध्यातच ठेवा. पाण्याची बाटली आणि घरचा चिवडा घ्या. मुले कुरकुरतील, कुरकुरू द्या. सकाळी उजाडताच निघा. वाट चुकली तर शेतात विचारा. वेचणीच्या बाया तुमच्या आधीच येऊन ओळीला लागलेल्या असतील.