कंटेनरातल्या भाजीचं वीजबिल

न्हावा-शेव्याला मी रीफर कंटेनर दुरुस्त करतो. निफाडची द्राक्षं युरोपला जातात ती याच डब्यांतून. हल्ली मला वेगळीच विचारणा होते, "दादा, जुना चाळीस फुटी मिळेल का? आत लेट्यूस लावायचंय." विचारणारे बहुतेक नोकरी सोडलेले तरुण, कर्जाची फाइल बँकेत टाकलेले.

डबा चांगला, वाद नाही. आतून पत्रा, भिंतीत फोम, खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पण तो बनवलाय आधीच गार केलेला माल गार ठेवायला. त्यात तुम्ही दिवे लावणार! दहा किलोवॉटचे दिवे सोळा तास चालले की झाली 160 युनिटं, आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. जो फोम बाहेरचं ऊन अडवतो, तोच ही उष्णता आत कोंडतो. ती उपसायला कॉम्प्रेसर. झाडं पानांतून पाणी सोडतात, तो दमटपणा काढायलाही कॉम्प्रेसरच. म्हणजे उजेडाचे पैसे दोनदा मोजायचे, आणि तेही जिथे डब्याच्या टपावर ऊन फुकट पडतं तिथे.

अलास्कातल्या कोट्झेब्यूचं गणित निराळं. गाव आर्क्टिक वृत्ताच्या वर, बाहेरून रस्ता येत नाही, ताजी भाजी विमानाने येते. तिथल्या इनुपिआट लोकांच्या कंपनीने 2016 मध्ये कंटेनरात पालेभाजी घ्यायला सुरुवात केली. त्या थंडीत दिव्यांची ऊबही कामाची. आपल्याकडे मे महिन्यात ती कुणाला हवीय? आणि अमेरिकेतही हा धंदा सोपा नाही. बोस्टनची फ्रेट फार्म्स ही यातली नावाजलेली कंपनी. एप्रिल 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

केशराला मात्र मी हसणार नाही. पुण्यात कंटेनरात केशर घेतल्याच्या बातम्या आल्या, त्यात तथ्य आहे. केशराचा कंद पोटातल्या साठ्यावर फुलतो. तोवर त्याला माती लागत नाही, नेमकी थंडी लागते. ते काम हा डबा चोख करतो. पण फुलं खुडल्यावर कंद पुन्हा भरायला महिनोन्‌महिने उजेड आणि खतपाणी लागतं, हे कोर्स विकणारे जरा हळूच सांगतात.

मेथी, पालक, कोथिंबिरीला शेडनेट पुरे. तरी डबा घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याकडे इथे चालू असलेल्या एखाद्या कंटेनरचं मे महिन्याचं वीजबिल मागा. ते हातात पडेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नका.