पूररेषा कुणी ओलांडली? नदीनं की आपण?

पावसाळा लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न: "राजाराम बंधारा किती फुटावर?" ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, आणि आपण अलमट्टीच्या नावानं बोटं मोडत बसलो.

अलमट्टीचा जाब विचारायलाच हवा. पण शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव काय कर्नाटकानं टाकला? पूरपट्ट्यात मुरूम ओतून प्लॉट कुणी पाडले? विकत कुणी घेतले?

नदी म्हणजे नुसतं दोन काठांमधलं पाणी नव्हे. शेजारची सखल जमीनही तिचीच. पूर तिथं पसरतो, त्याचा जोर मरतो, गाळ बसतो. पाणी मुरतं, विहिरींना लागतं, आणि पावसाळा सरल्यावर हळूहळू झिरपत नदीत परत येतं. उथळ पाण्यात माशांची पिल्लं वाढतात. काठावरची मळीची काळी जमीन याच गाळानं दिलीय. म्हणजे या पट्ट्याला पाणी हवंच असतं. नको असतं ते आपल्याला, कारण आपण तिथं घरं बांधलीत.

हिशेब सोपा आहे. एक डंपर मुरूम टाकला की तेवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरणार. बहुतेक वेळा ते घर गरिबाचं असतं.

आणि उन्हाळ्यात? हीच पंचगंगा काळी पडते, बंधाऱ्यांत सांडपाणी तुंबतं, शिरोळकडं मेलेल्या माशांचा खच. पावसाळ्यात तिला जागा नाही, उन्हाळ्यात तिला स्वच्छ पाणी नाही. मग आरती कसली करताय?

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. कागदावर.

मागण्या तीनच:
१. निळ्या रेषेतला नवा भराव बंद, बेकायदा टाकलेला उचला.
२. महामार्गाखालून पुराला पुरेशी मोकळी वाट द्या.
३. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत सोडणं थांबवा.

मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडावर विचारा. आणि नदीकाठचा स्वस्त प्लॉट बघायला निघाला असाल, तर आधी पूररेषेचा नकाशा बघा. पाणी येतं तेव्हा सातबारा विचारत नाही.