स्टिक कुणाची, पिक्चर कुणाचा?

२२ सप्टेंबर २०२५ला ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर तुमच्याकडे नवा टीव्ही आला असेल, तर जुना टीव्ही आतल्या खोलीत गेला असणार आणि तुमच्यावर एक काम पडलं असणार. ‘त्याला ती काडी लाव ना, म्हणजे लॅपटॉपवरचं, हार्ड डिस्कवरचं सगळं दिसेल.’ कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणजे घरची फुकटातली आयटी सर्व्हिस, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय. मग तुम्ही सेलचं पान उघडता. ४के, डॉल्बी, व्हॉइस रिमोट, अमुक अ‍ॅप, तमुक अ‍ॅप. पण घरातल्या हार्ड डिस्कवर पडलेली फाइल ही काडी चालवेल का, याचं उत्तर बॉक्सवर शोधून दाखवा. नाही सापडणार.

आणि नेमका हाच प्रश्न गेल्या वर्षभरात महत्त्वाचा झालाय.

आधी जरा मागे बघू. १४ फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. १७ जूनपासून प्राइम व्हिडिओवर, पैसे भरूनसुद्धा, मध्येच जाहिराती येऊ लागल्या. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यावर मीमही टाकले असतील. त्यामानाने दुसरी बातमी फारशी कुणी वाचली नाही. सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅमेझॉनने फायर टीव्ही स्टिकचं ‘४के सिलेक्ट’ नावाचं नवं मॉडेल जाहीर केलं. आतापर्यंतच्या फायर स्टिक अँड्रॉइडवर बेतलेल्या होत्या. ही चालते ‘वेगा’ नावाच्या अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या प्रणालीवर. फरक काय? आधी स्टोअरमध्ये नसलेलं अ‍ॅपही बाहेरून टाकता यायचं. या नव्या स्टिकवर सामान्य ग्राहकाला ते दार बंद. कोडी हे घरातले व्हिडिओ चालवण्यासाठीचं नावाजलेलं मोफत अ‍ॅप अ‍ॅमेझॉनने आपल्या स्टोअरमधून २०१५मध्येच काढलं होतं, तरी लोक ते बाहेरून टाकत होते. आता त्या स्टिकवर तेही नाही.

कंपनीची बाजूही ऐकून घ्या. बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपमधूनच चोरीच्या मॅचेस आणि चोरीचे सिनेमे चालतात, हे खरं आहे. पण दार बंद होतं तेव्हा चोरापाठोपाठ घरचा माणूसही बाहेर राहतो.

दुसरं उदाहरण तर याहून बोलकं. २०१५मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट मार्च २०२५मध्ये जगभर एकदम बंद पडली. ना कुठे पडली, ना जळली. आत बसवलेल्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली आणि फोन तिला ओळखेनासे झाले. आपल्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा, आपणच शूट केलेला व्हिडिओ आपल्याच टीव्हीवर पाठवता येईना. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण ती पाठवायची की नाही हे त्यांच्या हातात होतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. तुमच्या घरात नक्की कोणते ‘पिक्चर’ आहेत? कपाटाच्या वरच्या फळीवर बघा. नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेट, २००० नंतरच्या डीव्हीडी, मग एखादी हार्ड डिस्क. आई-बाबांचं लग्न, मावशीची हळद, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाची मुंज. वसईत या कॅसेटची किंमत जास्तच आहे, कारण त्यात भाषा आहे. सामवेदी समाजाची कादोडी, वाडवळी, आगऱ्यांची आणि कोळ्यांची बोली. लग्नाच्या गाण्यांत, मांडवातल्या भांडणांत, आजीने कॅमेऱ्याकडे बघून दिलेल्या दोन शिव्यांत ती जशीच्या तशी रेकॉर्ड झाली आहे. कोणत्याही ओटीटीच्या भाषांच्या यादीत कादोडी सापडणार नाही. तिचा ‘कंटेंट’ बराचसा तुमच्याच कपाटात आहे.

‘मग यूट्यूबवर टाकू की!’ टाकून बघा. लग्नाच्या व्हिडिओत व्हिडिओग्राफरने ठासून भरलेली हिंदी गाणी असतात. यूट्यूब ती ओळखतं, कॉपीराइटचा दावा लागतो आणि कधी आवाजच बंद होतो. म्हणजे आजीच्या शिव्याही गेल्या. शिवाय घरातल्या बायकांचे वीस वर्षांपूर्वीचे चेहरे सगळ्या जगाला दाखवायचे का, हे त्यांना विचारायला नको?

म्हणून घरच्या नेटवर्कवर घरचा पिक्चर. एका कोपऱ्यात लॅपटॉप किंवा हार्ड डिस्क, मध्ये राउटर, पलीकडे टीव्ही. ही कल्पना मुळात कॉलेजच्या पोरांचीच, बरं का. तुम्ही वापरता ते व्हीएलसी पॅरिसच्या एकोल सेंट्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६मध्ये सुरू झालं. त्यांना कॅम्पसचं नेटवर्क वेगवान करून हवं होतं. त्यासाठी कारण म्हणून त्यांनी नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवायचं काम हाती घेतलं. २०२२मध्ये व्हीएलसीची वेबसाइट भारतात अनेक महिने बंद केली होती, नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा खुली झाली. तेवढ्या काळातही ज्यांच्या मशिनवर ते आधीच होतं त्यांचं काहीच अडलं नाही.

आता घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असलेला, प्ले स्टोअर मिळणारा, नावाजलेल्या कंपनीचा बॉक्स किंवा काडी घ्या. त्यावर व्हीएलसी, कोडी, जेलीफिन ही तिन्ही अ‍ॅप्स स्टोअरमधूनच मिळतात, काही बाहेरून टाकावं लागत नाही. तुमचा टीव्हीच गुगल टीव्ही असेल तर आधी त्यावर व्हीएलसी टाकून बघा. कदाचित काडी घ्यायची गरजच नाही. ब्रॉडबँडबरोबर जो बॉक्स ‘फ्री’ येतो त्यावर प्ले स्टोअर आहे का हे आधी पाहा, कारण काहींवर कंपनीचं स्वतःचं छोटंसं दुकान असतं आणि त्यात तुमच्या कामाचं काही नसतं.

आणि स्टेशनबाहेर किंवा ऑनलाइन ‘सगळे चॅनल फ्री’ म्हणून विकला जाणारा बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स? हात लावू नका. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. अशा स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातच किंवा सेटअप करताना घातक सॉफ्टवेअर शिरतं आणि तुमचं घरचं कनेक्शन गुन्हेगार वापरतात. पुढच्याच महिन्यात गुगलने याविरुद्ध खटला भरला. त्यात गुगलने सांगितलेला आकडा एक कोटीहून जास्त उपकरणांचा आहे. ज्या नेटवर्कवर बाबांचं नेट बँकिंग चालतं त्याच नेटवर्कवर हा पाहुणा बसवायचा का?

सॅमसंगचा टायझेन किंवा एलजीचा वेबओएस असलेला टीव्ही असेल तर कोडी मिळणार नाही, पण प्लेक्स मिळतं. प्लेक्स दिसायला देखणं आहे. मात्र २९ एप्रिल २०२५पासून घराबाहेरून आपले व्हिडिओ बघायला त्यांनी पैसे लावलेत. घरातल्या घरात अजून फुकट आहे. ‘अजून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जेलीफिनला कंपनीचं अकाउंट लागत नाही. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला कोड बंदिस्त केला तेव्हा, डिसेंबर २०१८मध्ये, त्यातून फुटून ते तयार झालं. सेटअपला एक रविवार जाईल, पण तुमच्यासाठी मी तेच सुचवेन.

दुकानात जाताना खिशात एक पेन ड्राइव्ह ठेवा. त्यात लग्नाच्या डीव्हीडीतली एक व्हीओबी फाइल, मोबाइलवर ४केमध्ये काढलेली एक क्लिप आणि डीटीएस आवाज असलेली एक एमकेव्ही फाइल. व्हीओबी का? कारण तिच्यातलं चित्र नव्वदच्या दशकातल्या एमपेग-२ पद्धतीचं आहे आणि आपल्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यांनी ते एकाआड एक ओळींत साठवलंय. चुकीच्या प्लेअरवर नवरीने हात हलवला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू केलं की जातात. डीटीएस का? कारण सॅमसंगने २०१८च्या मॉडेलपासून टीव्हीतून डीटीएस काढलं. चित्र दिसतं, आवाज नाही, आणि घरचे म्हणतात तूच काहीतरी बिघडवलंस. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसणारच नाही, तेव्हा आधी एक्सफॅट करून घ्या.

वेगाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ‘आमचं नेट ३० एमबीपीएसचं आहे, पिक्चर अडकणार.’ अरे, घरातल्या फाइलचा आणि केबलवाल्याच्या प्लॅनचा संबंधच नाही! लॅपटॉपवरून राउटर, राउटरवरून टीव्ही. फाइल घराबाहेर पडतच नाही. डीव्हीडीला सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिटच्या आसपास लागतात, मोबाइलच्या ४के क्लिपला ५०च्या आसपास. अडतं ते वाय-फायमध्ये, आणि तिथे वसईचं घर आणि नालासोपाऱ्याचं घर वेगळं. नालासोपारा किंवा विरार पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये वाय-फायची यादी उघडा, वीसेक शेजारी दिसतील. सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे. वन रूम किचनमध्ये अंतर कमीच असतं, म्हणून ५ गिगाहर्ट्झ पकडणारी काडी घ्या आणि राउटरही त्याच पट्ट्यावर लावा, काम झालं. उलट निर्मळ, भुईगाव, नंदाखालकडच्या जुन्या वाडीतल्या घरात शेजारी लांब, पण भिंती जाड आणि खोल्या एकामागे एक. तिथे ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीशीच दम तोडतं. अशा घरात लॅन केबलचं तोंड असलेला बॉक्स घ्या आणि सरळ वायर ओढा. दिसायला बरं दिसत नाही, पण १०० एमबीपीएसची साधी वायरही या सगळ्या फाइल्सना पुरून उरते.

वायरीचा आणखी एक फायदा पावसाळ्यात कळतो. जुलै २०१८ आठवतोय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. वसई-विरारमध्ये पाणी भरलं, नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लोकल थांबल्या, अनेक भागांत वीज गेली. एवढं दरवर्षी होत नाही, पण फायबर तुटून नेट गेलं हे पावसाळ्यात नेहमीचंच. तेव्हा ओटीटीची काडी नुसती गोल फिरत बसते. घरच्या नेटवर्कला बाहेरचं नेट लागत नाही. इन्व्हर्टर असेल तर टीव्ही चालतो. नसेल तर लॅपटॉपला बॅटरी आहे आणि राउटरला छोटा यूपीएस पुरतो, मग फोनवरच्या व्हीएलसीत बघा. म्हणून काडी घेतल्यावर एकदा मुद्दाम राउटरमधून बाहेरच्या नेटची वायर काढून पाहा. काडी सुरू होते का, घरातली फाइल दिसते का? होम स्क्रीनवरच अडकून बसली तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

आता जे कुणी बोलत नाही ते. होस्टेलच्या ‘होम नेटवर्क’वर काय असतं हे मला माहीत आहे, तुम्हालाही. टेलिग्रामवरून उतरवलेला परवाचा रिलीज. त्याची वकिली मी करणार नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर थिएटरमध्ये पिक्चर चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. विकत घेतलेल्या डीव्हीडीचं डिजिटल कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत. पण त्याच १९५७च्या कायद्यातलं कलम १७ फार कमी जणांना ठाऊक असतं. पैसे देऊन कुणाकडून चित्रीकरण करून घेतलं आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या चित्रीकरणाचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे आई-बाबांच्या लग्नाच्या व्हिडिओचे हक्क फोटो स्टुडिओकडे नाहीत, ते तुमच्या घरात आहेत. (मध्ये घातलेली गाणी सोडून. ती ज्यांची त्यांची.)

सर्व्हरसाठी नवीन काही विकत घेऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्यामुळे बाजूला पडलेत, तुमच्या घरातही एखादा असेल. त्यावर लिनक्स टाका, जेलीफिन टाका, राउटरशेजारी ठेवून द्या. त्यात डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा मिळतो. डिस्क आधी कॉपी करा, काडी नंतर घेतली तरी चालेल. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवरचा रंगाचा थर दमट हवेत खराब होतो आणि वसईची हवा कशी असते ते सांगायला नको. एक डिस्क ४.७ जीबीची, त्यामुळे शंभर डिस्कही ५०० जीबीच्या आत बसतात. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करून मामाकडे ठेवा.

फायलींना नावं देताना मोठ्या माणसांपैकी कुणाला तरी शेजारी बसवा, कारण मांडवातला तो मिशीवाला कोण हे फक्त त्यांनाच माहीत असतं. आणि जेलीफिनमध्ये फोल्डर जोडताना प्रकार ‘मूव्हीज’ निवडू नका, ‘होम व्हिडिओज’ निवडा. नाहीतर ते तुमच्या ‘लग्न २००४’साठी इंटरनेटवर तशाच नावाचा सिनेमा शोधेल आणि आई-बाबांच्या लग्नावर भलत्याच हिरो-हिरोईनचं पोस्टर लावून मोकळं होईल.