चहा कोण ठेवतं?

दोस्तांनो,

हा अंक उशिरा निघतोय. पैसे नव्हते, हे नेहमीचंच. पण यावेळचं खरं कारण वेगळं. हे संपादकीय मी दोनदा लिहून फाडलं. नवा विचार, व्यापक दृष्टी, परिवर्तन असले शब्द गोदीतल्या पोत्यांसारखे एकावर एक रचले होते. थप्पी उंच झाली, आत माल नव्हता.

फाडायची पाळी घरात आली. गेल्या महिन्यात आमच्या खोलीत बैठक होती. विषय : स्त्रीमुक्ती आणि आपली चळवळ. आम्ही अकरा जण, अकराही बाप्ये. मी तावातावानं बोलत होतो. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण ते सांगितलंय : अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकारणानं, पैशानं, धर्मानं पिळलेले सगळे. 'स्त्रिया' या शब्दावर मी खास जोर दिला. तेवढ्यात बहीण तिसऱ्यांदा चहाचे ग्लास घेऊन आली. तिची परीक्षा दोन दिवसांवर. ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, "दादा, त्या यादीत मी हाय ना? मग चटईवर माझी जागा कुठाय?"

कोणी हसलं नाही. माझं भाषण तिथंच संपलं.

पांढरपेशे लोक हल्ली 'विचार बदला, आयुष्य बदलेल' अशी पुस्तकं विकतात. च्यायला, नळ कोरडा असेल तर चांगला विचार करून हंडा भरत नाही. पण उलटंही तितकंच खरं आहे. विचार नुसता कागदावर राहिला तरी हंडा भरत नाही. महाड आठवा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागद दोन झाले, पाणी ओंजळभरही मिळालं नाही. ते मिळालं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा. त्याबद्दल आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. सवर्णांनी शेण-गोमूत्रानं तळं 'शुद्ध' केलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

आणि बाबासाहेब त्या वर्षी फक्त पाण्यावर बोलले नाहीत. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगू नका, हे त्यांनी मार्चमध्ये सांगितलं. डिसेंबरात मनुस्मृती जाळली आणि बायांना सांगितलं, लुगडं नेसायची ती अस्पृश्यपणाची खूण टाका, पोरींना शाळेत घाला. बायांनी ते ऐकलं आणि करून दाखवलं. एवढा मोठा विचार, पण तो लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत आणि ताटातल्या तुकड्यापर्यंत पोचला. म्हणून तर आज मी मॅट्रिक आहे आणि चार ओळी लिहितो.

१९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलं. ती पार्टी १९६६ ला ओकलंडमध्ये निघाली. तेही माझ्या गावासारखं बंदराचं शहर. त्यांच्या बंदुकांचे फोटो आपण सगळ्यांनी पाह्यलेत. पण १९६९ पासून त्यांनी तिथल्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली, हे किती जणांना ठाऊक आहे? पोट भरलेलं पोर वर्गात डुलक्या काढत नाही, इतका साधा हिशोब. व्यापक दृष्टी म्हणजे समुद्रापलीकडचं नाव आणून छातीवर लावणं नव्हे. त्यांची न्याहारी आपल्या वस्तीत कशी शिजेल ते पाहणं.

आणि ही दृष्टी आपल्या भिंतीपलीकडं तरी जाते का? गोदीत वरनं माल सुटला तर खाली कोण उभा आहे, त्याची जात लोखंड विचारत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की जातीही उघडतात. सवर्णांचं सोडा. आपल्याच वस्तीत एक मातंग पोरगा भाड्यानं खोली बघायला आला, तर आपलेच लोक 'कोणाचा?' विचारायला लागले. मी तिथं उभा होतो. मी गप्प बसलो. हे मी इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी गप्प बसायला लाज वाटेल.

त्या बैठकीनंतर आम्ही एकच ठरवलं. चहा आळीपाळीनं आम्ही ठेवायचा. माझा पहिला चहा काढ्यासारखा झाला, दोस्तांनी मुकाट्यानं प्याला. बहीण चटईवर बसली आणि तिनं पहिलाच प्रश्न टाकला : बैठक संध्याकाळी सातला का? सातला नळ येतो, बाया येणार कशा? दोन वर्षं हे आमच्या टाळक्यात आलं नव्हतं! बैठक रविवारी दुपारी केली. सात बाया आल्या. त्यांचा विषय आमच्या कार्यक्रमपत्रिकेत कधीच नव्हता : सार्वजनिक संडासाच्या दाराला कडी नाही आणि रात्री दिवा नाही. पोरी रात्रभर पोट धरून बसतात.

कड्या आम्ही वर्गणी काढून पुढच्या रविवारी बसवल्या. दिव्यासाठी अर्ज केलाय. दोन फेऱ्या झाल्या, दिवा अजून नाही. तिसरी फेरी सगळे मिळून मारणार आहोत, बायांसकट.

दोस्तांनो, या अंकासाठी तुमच्या कविता आल्या, आनंद आहे. पुढच्या अंकासाठी कवितेबरोबर एवढं लिहून पाठवा : तुमच्या घरात चहा कोण ठेवतं, आणि तुमच्या वस्तीत खोली कोणाला मिळत नाही? खोटं लिहू नका. नावं घालू नका, पण खरं लिहा.

पुढचं संपादकीय बहीण लिहिणार आहे. तिनं ते फाडलं तर अंक पुन्हा उशिरा निघेल. निघू द्या.

जय भीम!