जुना ऑर्गन घरी आणताना



परिपाठाला पेटी वाजवणारं एखादं पोर बहुतेक शाळांत असतंच. प्रार्थना झाली, समूहगीत झालं की पेटी पुन्हा कपाटात, अन् कपाटाला कुलूप. सराव करायचा कधी? त्यातून आमच्यासारख्या गावातल्या शाळेत सातवी संपली की शाळा बदलते, म्हणजे शाळेची पेटीही सुटते. आमच्या डोंगरकड्यातल्या एका मुलीपुढे यंदा हाच प्रश्न आहे. तिच्या वडिलांनी सांगितलंय, "हळदीचे पैसे आले की बघू. पण घ्यायचा तर जुनाच घेऊ." तिनं मला विचारलं, "सर, जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन चालंल का?"

चालंल की! पण पारखून घेतला तर. हळदीच्या पैशामागे घरातल्या सगळ्यांचं वर्षभराचं राबणं असतं. तेव्हा आज आपण पारखायलाच शिकू या.

त्याआधी एक गोष्ट ऐका. १८८७ साल. जपानमधल्या हामामात्सु गावातल्या प्राथमिक शाळेचा परदेशी ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला बोलावलं तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला. त्यानं तो उघडला, आतली रचना समजून घेतली, दुरुस्त केला, आणि मग स्वतःच एक नवा ऑर्गन बनवला! तो खांद्यावर घेऊन, हाकोनेचे डोंगर ओलांडून, तो आणि त्याचा सोबती टोकियोला पोचले. तिथले संगीताचे जाणकार म्हणाले, "बांधणी छान, पण सूर बरोबर लागलेले नाहीत." यामाहा खचला नाही. तिथंच राहून सुरांचं शास्त्र शिकला आणि पुढचा ऑर्गन सुरात बनवला. आज ज्या कीबोर्डांवर 'यामाहा' लिहिलेलं दिसतं ना, त्या कंपनीची सुरुवात अशी एका शाळेच्या बिघडलेल्या ऑर्गनपासून झाली.

तो ऑर्गन हवेवर वाजणारा होता. आपल्या पेटीसारखाच. पेटीत भात्याची हवा धातूच्या पातळ स्वरपट्टीवरून जाते आणि ती थरथरते. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये ना हवा, ना भाता. आपण पट्टी दाबली की विजेचं मंडळ जुळतं आणि स्पीकरमधून सूर येतो. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी ऐकलीय का? ती खरी पुंगी नव्हे बरं का! कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती.

आता पारख. दप्तरातली मोजपट्टी सोबत घ्या.

पहिलं काम मोजायचं. शेजारशेजारच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची मिळून रुंदी साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरली पाहिजे. खूप कमी भरली तर तो लहान पट्ट्यांचा, खेळण्यासारखा बाजा समजा. त्यावर बोटांना लागलेली सवय मोठ्या वाद्यावर अडते. पट्ट्या ६१ असाव्यात, म्हणजे पाच सप्तकं मिळतात.

दुसरं काम, एकूण एक पट्टी वाजवायची. दुकानदार दोन-चार धून वाजवून दाखवील, त्यावर भुलू नका. डावीकडून सुरू करा आणि शेवटच्या पट्टीपर्यंत जा. आधी हळू दाबा, मग जोरात. पट्टीखाली रबराची बारीक टोपी असते. तिथं धूळ बसली की सूर येत नाही, नाहीतर एकदम मोठ्यानं येतो. एखाददुसरी पट्टी अशी असेल तर कारागीर साफ करून देतो. पण ठरावीक अंतरानं पट्ट्या मुक्या असतील तर दोष आतल्या मंडळात असू शकतो. तो बाजा सोडून द्या. तीन-चार पट्ट्या एकदम दाबूनही पाहा, सगळ्यांचे सूर आले पाहिजेत.

तिसरं काम वीज. ऑर्गन उलटा करा. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर जुने सेल आत पाझरलेत. तिला बोट लावू नका. अडॅप्टर मूळचा आहे का विचारा. वाद्यावर छापलेले व्होल्ट आणि अधिक-उण्याची खूण अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळलीच पाहिजे. पिन बसते म्हणून कोणताही अडॅप्टर लावला तर वाद्य जळू शकतं. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून सेलवरही वाजवून पाहा.

चौथं काम कानाचं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते का? आवाज मोठा केल्यावर स्पीकर फाटल्यासारखा वाजतो का? इअरफोन लावायची जागा चालू आहे का? ती फार उपयोगाची. पहाटे घरचे झोपलेले असले तरी तुमचा सराव चालू!

पाचवं काम पट्टी बदलण्याच्या बटणाचं. तुम्ही पांढरी एकमध्ये वाजवायला शिकलात आणि गाणारा काळी एकमध्ये गातो. मग काय करायचं? बटणानं सगळे सूर एका घरानं वर न्यायचे. हे बटण बिघडलेलं नसावं.

हे सगळं एकट्यानं करू नका हं. गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका असतील, त्यांना सोबत न्या. त्यांचे कान तयार असतात. पावती मागा. "दोन दिवस वाजवून पाहतो, नाही पटला तर परत" असं आधीच ठरवून घ्या. किंमत नव्याच्या निम्म्याहून जास्त सांगितली तर त्यात थोडी भर घालून नवाच मिळतो का, ते विचारा.

आता एक खरं सांगतो. ज्यांना पुढं पेटीच शिकायची आहे, त्यांना ऑर्गन अर्धीच मदत करतो. बोटं तयार होतील, सूर ओळखू येतील, पण भाता सांभाळणं येणार नाही. आपल्या मराठवाड्यातल्या जालना भागातले अप्पा जळगावकर (१९२२–२००९) पंडित भीमसेन जोशींसारख्या गवयांना पेटीची साथ करत. ती साथ बोटांची, तशीच भात्याचीही. म्हणून घरी ऑर्गन असला तरी आठवड्यातून एकदा खऱ्या पेटीला हात लागू द्या. मंदिरातली, भजनातली, कुणाचीही.

ऑर्गन घरी आला की रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. पहिला महिना त्यातल्या तयार तालांना आणि तयार गाण्यांना हात लावायचा नाही. ती गंमत अशी असते की वाजवतं यंत्र आणि आपल्याला वाटतं आपणच वाजवतोय! आधी सारेगमपधनी सावकाश, मग अलंकार. वाजवून झालं की स्वच्छ फडकं झाका. धूळ हा त्याचा पहिला शत्रू.

आणि "अभ्यासाचं काय?" असं घरी कुणी विचारलं तर रागावू नका. वेळापत्रक करून भिंतीला लावा आणि महिनाभर पाळून दाखवा. ज्यांच्या घरी यंदा पैसे जमणार नाहीत, त्यांनी पुठ्ठ्यावर मोजपट्टीनं पट्ट्या आखाव्यात. तोंडानं सूर म्हणायचे आणि बोटं पुठ्ठ्यावर चालवायची. बोटांना घरं पाठ होतात. वाद्य हाती येईल तेव्हा निम्मं काम झालेलं असेल.

जाता जाता एक कोडं. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. ६१ पट्ट्यांच्या ऑर्गनमध्ये पाच सप्तकं आणि शेवटी एक जादा पांढरी. मग पांढऱ्या किती, काळ्या किती? आधी सोडवा, मगच खाली बघा!

तुमचे सर

(उत्तर : पांढऱ्या ३६, काळ्या २५.)