फौजी घरातला अडलेला कागद आजच बाहेर काढा : खडकीकरांना आवाहन



आपल्या खडकीची ओळख फौजेनं घडवली. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथं, त्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथं, मणक्याच्या दुखापतीनं व्हीलचेअरवर आलेल्या जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही इथंच. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरी तंत्रशिक्षण संस्था पुढे खडकीत आली आणि इथलीच झाली. जखमी सैनिकाच्या हाताला काम देण्याची रीत या गावाला नवी नाही. आज त्याच सैनिकाच्या घरात दुसरी गरज उभी आहे. हक्काचा कागद वाचून, समजावून, योग्य दारापर्यंत पोचवणारं माणूस त्या घराला हवं आहे, आणि ते लवकर हवं आहे.

लवकर का, ते सांगतो. सशस्त्र बल न्यायाधिकरणाकडे दाद मागायची तर अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत मागावी लागते. उशीर माफ होतो, पण कारण पटवून द्यावं लागतं. पेन्शनचा दावा जुना झाला म्हणून संपत नाही, हे खरं. मात्र थकबाकीचं काय? लष्करातून १९८३ साली वैद्यकीय कारणानं घरी पाठवलेले तरसेम सिंग १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा पेन्शनचा हक्क मान्य ठेवला, पण थकबाकी अर्जाआधीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच ठेवली. त्याआधीच्या वर्षांचे पैसे गेले ते गेलेच. आपल्या गल्लीतलं एखादं कुटुंब आज गप्प बसलं असेल, तर त्याचंही असंच नुकसान होत असू शकतं.

अडचणी कुठं येतात? बहुतेक वेळा अगदी साध्या ठिकाणी. डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच. लग्नाची किंवा मुलाच्या जन्माची नोंद फौजेच्या दफ्तरी, पार्ट टू ऑर्डरमध्ये, झालेलीच नाही. ‘स्पर्श’ या पेन्शनच्या संकेतस्थळावर हयातीचा दाखला चढवायचा राहिला आणि पेन्शन थांबली. अपंगत्व फौजी सेवेमुळं आलेलं नाही, असा मेडिकल बोर्डाचा शेरा आला आणि जवानानं तो नशीब म्हणून स्वीकारला. खरं तर भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे. आई-वडिलांच्या मागं अपंग मुलाला किंवा मुलीला नियमांनुसार आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, हेही कित्येक घरांना ठाऊक नसतं.

शिवाय गावाकडची जमीन आहेच. बांध कोरला जातो, वारसनोंद अडते, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं आणि जवान सीमेवर असतो. सेवेमुळं कोर्टात हजर राहता न येणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा पुढं ढकलण्याची तरतूद १९२५ च्या भारतीय सैनिक (खटले) कायद्यात आहे. ही गोष्ट घरच्यांना माहीत हवी आणि त्यांच्या वकिलालाही.

मदतीची दारं उघडी आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. म्हणजे प्रत्येक वीरपत्नी, वीरमाता आणि सैनिकाची मुलगी त्यात आली. अपंग व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. केवळ उत्पन्नाच्या निकषावर मदत मागणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. ही मदत न्यायाधिकरणापुढच्या प्रकरणांतही मिळते. २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदेशीर मदतीचे कक्ष असावेत, हा तिचा गाभा आहे. आपल्यासाठी पुण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि शिवाजीनगर न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही दोन दारं जवळची आहेत. बाहेर पडता येत नसेल, तर विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पण योजना जाहीर झाली म्हणून व्हीलचेअरवरचा जवान आपोआप शिवाजीनगरला पोचत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या आजींना इंग्रजी पत्राचं उत्तर लिहिता येत नाही. मधलं अंतर आपण भरायचं आहे.

वकील मित्रांनो, महिन्यातले दोन दिवस द्या. जिल्हा प्राधिकरणाच्या यादीत नाव नोंदवा आणि पेन्शनची प्रकरणं शिकून घ्या. न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. एखाद्या वृद्धेसाठी तिथं उभं राहणारा पुण्याचा वकील फार मोठं काम करतो.

फौजेतून निवृत्त झालेल्या क्लार्क साहेबांनो, तुमच्याइतकं हे काम कुणालाच कळत नाही. कुठला कागद बेळगावच्या मराठा रेकॉर्ड्सला जातो, कुठला सिकंदराबादला ईएमईकडे, कुठला जबलपूरला सिग्नल्सकडे, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. आठवड्यातून एक सकाळ शेजाऱ्यांसाठी काढा.

विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनो, विधी स्वयंसेवक व्हा. अर्ज लिहा, माहिती अधिकारात मेडिकल बोर्डाची कागदपत्रं मागवा, आजोबांसोबत कार्यालयात जा.

खडकीतली मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, देवळं, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्च यांच्या विश्वस्तांना विनंती आहे : आठवड्यातून एक दिवस एक खोली, एक टेबल आणि चार खुर्च्या द्या. जिल्हा प्राधिकरणाकडं लेखी मागणी करा की, खडकीत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वकील बसावा. मागणी एकत्र गेली, तर तिला वजन येतं.

आणि फौजी घरातल्या माझ्या ताई, वहिनी, काका-काकूंनो, तुम्हाला विशेष सांगणं आहे. कोर्टाची पायरी चढू नये, ही आपल्याकडची जुनी समजूत. पण पेन्शन ही कुणाची मेहरबानी नव्हे. ती सेवेनं कमावलेली आहे आणि ती मागण्यात कमीपणा नाही. डिस्चार्ज बुक, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), मेडिकल बोर्डाचे कागद, बँकेचं पासबुक आणि आलेलं प्रत्येक पत्र एका पिशवीत घाला. झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘साहेबांची ओळख आहे, टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि तिच्यावरची तारीख जपा, कारण अर्जाला उत्तर आलंच नाही, तर पुढची मुदत त्याच तारखेवरून मोजली जाते.

या आठवड्यात प्रत्येकानं एकच काम करावं. आपल्या इमारतीतल्या, चाळीतल्या, वस्तीतल्या एका फौजी घराचं दार वाजवा आणि विचारा, ‘एखादं पत्र, एखादा अर्ज अडलाय का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर त्याच दिवशी १५१०० वर फोन लावून द्या आणि पहिल्या भेटीला त्यांच्यासोबत जा. अर्ज जितका उशिरा जाईल तितकी त्यांची हक्काची रक्कम कमी होऊ शकते. म्हणून उद्यावर ढकलू नका.